पैसे मिळाले, हिशेब राहिला

धनत्रयोदशीला घरात एखादे नवे भांडे आणायचे, ही आमच्या सासरची जुनी रीत. सासूबाईंच्या काळात तांब्याची कळशी, पितळेचे पातेले असे काही यायचे. माझ्या काळात स्टीलचा डबा नाहीतर कढई येते. २०२३ सालच्या धनत्रयोदशीला मी पाच लिटरचा प्रेशर कुकर घेतला. जुन्या कुकरने तेरा वर्षे इमानाने सेवा केली होती. त्याच्या कान्याची पकड ढिली झाली होती, आणि शिट्टी तर मनाला येईल तेव्हा वाजायची.

आमचे नेहमीचे भांड्यांचे दुकान आहे, सांगलीच्या बाजारपेठेत. लग्न होऊन आले तेव्हापासून तिथेच जाते. मुलीच्या बारशाची वाटपाची भांडी तिथलीच आणि नणंदेच्या लग्नातली रुखवताची भांडीही तिथलीच. शेठ दारातूनच हाक मारतात, "या वहिनी, पंखा लाव रे!" अशा दुकानात आपण वस्तू उलटसुलट करून बघत नाही. शेठ म्हणाले, "हा घ्या, नवीन माल आहे, हलका आहे, पाचशे रुपयांनी स्वस्त पडतो." मी घेतला. किंमत एक हजार आठशे पन्नास रुपये. बिल मात्र मागून घेतले. ती सवय मला माझ्या वडिलांनी लावलेली.

कुकरला हळदकुंकू लावले, लक्ष्मीपूजनाला त्याचे उद्‌घाटन झाले. पहिल्यांदा लावला तेव्हा झाकणाच्या कडेने थोडी वाफ गेली. मला वाटले, रबर नवीन आहे, बसेल हळूहळू. दुसऱ्यांदाही तसेच झाले. तिसऱ्यांदा लावला तो स्वयंपाकाच्या मावशींनी.

भाऊबीज होऊन दोन-तीन दिवस झाले होते. मी देवघरात होते. स्वयंपाकघरातून "सूंऽऽ" असा आवाज आला आणि पाठोपाठ मावशींची किंकाळी. धावत गेले तो मावशी डावा हात धरून ओट्याला टेकलेल्या, आणि कुकरच्या दांड्याखालून वाफेचा झोत आडवा बाहेर पडत होता. वाफेबरोबर डाळीचे पाणीही. मावशींनी काहीही चुकीचे केले नव्हते. वाफ कडेने जाते आहे असे पाहून त्या गॅस बंद करायला गेल्या, आणि नेमका तेव्हाच तो झोत त्यांच्या मनगटावर आला. मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत हात लालबुंद झाला होता.

सासूबाई म्हणाल्या, "तूप लाव." शेजारच्या वहिनी टूथपेस्ट घेऊन आल्या. माझी मुलगी कॉलेजात प्रथमोपचार शिकलेली. तिने सगळ्यांना बाजूला केले आणि मावशींचा हात नळाखाली धरला तो चांगली वीस मिनिटे. तूप नाही, पेस्ट नाही, बर्फसुद्धा नाही. नुसते साधे वाहते पाणी. नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी तेवढ्याच गोष्टीचे कौतुक केले. बाकी फोड यायचे ते आलेच. "पंधरा-वीस दिवस हात पाण्यात घालायचा नाही, गरम भांड्याजवळ जायचं नाही," असे डॉक्टरांनी बजावले. स्वयंपाकाच्या बाईला हे सांगणे म्हणजे वीस दिवस घरी बसा म्हणून सांगणेच.

दुसऱ्या दिवशी मी कुकर पिशवीत घालून तडक दुकानात गेले. भांडायच्या पूर्ण तयारीने गेले होते. पण भांडण झालेच नाही. शेठनी झाकण काचेच्या सपाट काउंटरवर ठेवले, तर ते डुगडुगले. "अरेच्चा, याचा काठच वाकडा आहे की! वहिनी, दिवाळीआधी असेच दोन परत आले होते." आणि त्यांनी गल्ल्यातून एक हजार आठशे पन्नास रुपये मोजून माझ्या हातात ठेवले. चहा मागवला. मग एक छापील वही पुढे केली, "इथे एक सही करा, आमच्या हिशेबाला लागते."

मी सही केली. करण्यापूर्वी वाचले होते बरं का! लिहिले होते, "मालाची पूर्ण रक्कम परत मिळाली. आता माझी अथवा माझ्या घरातील कोणाचीही कसलीही तक्रार राहिलेली नाही." वाचले आणि तरीही सही केली. कारण त्या क्षणी माझी खरोखरच काही तक्रार राहिली नव्हती. भांडण न करता पूर्ण पैसे परत मिळाले, याचाच मला आनंद झाला होता. घरी येऊन ह्यांना सांगितले तर हे म्हणाले, "वा! जिंकलीस म्हणायची."

संध्याकाळी मावशींना बघायला त्यांच्या घरी गेले. हाताला मोठे बँडेज, हात गळ्यात बांधलेला. त्यांची सून पोळ्या करत होती. त्यांना बरे वाटावे म्हणून मी उत्साहाने सांगितले, "मावशी, कुकरचे पैसे मिळाले हो सगळे परत!"

मावशी हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं वहिनी. तुमचं नुकसान नाही झालं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या मनापासून बोलल्या. म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागले. रस्ताभर ते कानात घुमत राहिले. तुमचं नुकसान नाही झालं. खरेच होते ते. माझे पैसे माझ्या पर्समध्ये होते. ज्यांचे नुकसान झाले त्या हात गळ्यात बांधून बसल्या होत्या, आणि त्यांच्या नुकसानीचा "न" सुद्धा मी दुकानात काढला नव्हता.

आता खरे सांगते, मी तोवर स्वतःला फार चांगली समजत होते. मावशींचा पगार मी कापणार नव्हते, दवाखान्यातले पहिले बिलही मीच दिले होते. पण मावशी आणखी दोन घरी जातात. एका घरी सोळाशे, दुसऱ्या घरी एकोणीसशे. तिथे "जितके दिवस काम, तितका पगार" असा रोखठोक व्यवहार. मी त्या घरांना तरी काय म्हणून नावे ठेवू? त्यांच्या कुकरने मावशींना भाजले नव्हते.

ह्यांच्याजवळ विषय काढला, तर हे म्हणाले, "अगं, आता काय? पैसे घेतलेस, सही केलीस, विषय संपला. एकदा रिफंड घेतला की पुढे काही मागता येत नाही." सासूबाईंनीही मान डोलावली. मलाही तसेच वाटत होते. आपल्यापैकी बहुतेकींना असेच वाटते, नाही का? वस्तू खराब निघाली, दुकानदाराने पैसे दिले, आपण घेतले, फिटंफाट झाली.

पण मन मानेना. आमच्या वाचनालयात एक निवृत्त शिक्षक दर शनिवारी संध्याकाळी बसतात. ग्राहक पंचायतीचे काम करतात, कोणी काही विचारले तर सांगतात, त्याचे पैसे घेत नाहीत. ही चळवळ आपल्याकडची जुनी. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकासाठी असा वेगळा कायदादेखील नव्हता. तो आला १९८६ साली. त्यावर २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. हे सगळे मला त्या सरांनीच सांगितले.

मी त्यांना कुकरची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हटले, "पण सर, मी पैसे परत घेऊन बसले आहे."

सर म्हणाले, "कशाचे पैसे घेतलेत?"

"कुकरचे."

"मग हाताचे कुठे घेतलेत?"

मी गप्पच बसले. मग त्यांनी समजावून सांगितले, ते मी माझ्या शब्दांत तुम्हाला सांगते.

आता जो कायदा लागू आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष वस्तू मिळाली तर ग्राहक आयोग काय काय करायला सांगू शकतो, याची त्यात यादी आहे. दोष काढून द्या, वस्तू बदलून द्या, किंमत परत करा. आणि त्याखेरीज दुकानदाराच्या किंवा कारखानदाराच्या हलगर्जीपणामुळे जे नुकसान वा इजा झाली तिची भरपाई द्या. किंमत परत करणे आणि भरपाई देणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप बुडत नाही.

इतकेच नव्हे, सदोष मालाने इजा झाली तर त्याच्या जबाबदारीबद्दल या कायद्यात एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात "हानी" म्हणजे काय ते सांगितले आहे. माणसाला झालेली इजा, आजार, मृत्यू, दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान, त्यापायी झालेला मनस्ताप. आणि गंमत बघा, खुद्द त्या वस्तूचे जे नुकसान होते ते या हानीत धरलेले नाही. म्हणजे कुकरची किंमत एका खात्यात आणि भाजलेला हात दुसऱ्या खात्यात, हे कायद्यानेच वेगळे करून ठेवले आहे. दुकानदाराने पहिले खाते चुकते केले होते. दुसरे उघडलेसुद्धा नव्हते.

मी विचारले, "पण कुकर तर मी विकत घेतला. मावशींचा त्यात काय हक्क?"

सर म्हणाले, "ग्राहक म्हणजे फक्त पैसे मोजणारा नव्हे. विकत घेणाऱ्याच्या संमतीने जो ती वस्तू वापरतो तोही कायद्याच्या भाषेत ग्राहकच."

मला हे अगदी नवीन होते. आपल्या घरातली मिक्सर, इस्त्री, गिझर, कुकर या वस्तू आपण विकत घेतो, पण वापरतात किती जण! सासूबाई वापरतात, मुले वापरतात, मावशी वापरतात. त्या सगळ्यांचे हात कायद्याने मोजले आहेत. मीच मोजले नव्हते.

मग सहीचा विषय निघाला. सर म्हणाले, "पूर्ण समजून, स्वखुशीने, सगळ्या नुकसानीबद्दल तडजोड केली असेल तर ती सही आपल्याला बांधते. उगाच खोटी आशा धरू नये. पण फसवून, दिशाभूल करून किंवा अडवून घेतलेली सही ही शेवटची लक्ष्मणरेषा नसते. विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली तसे सांगितले आहे. तुमच्या बाबतीत मुख्य मुद्दा वेगळाच आहे. सही तुमची आहे. मावशींची नाही. त्यांच्या वतीने हक्क सोडायला तुम्ही कोण?"

खरेच, मी कोण? "माझ्या घरातील कोणाचीही" असे त्या वहीत छापले होते. मावशींना आम्ही एरवी "घरच्याच" म्हणतो. पण त्यांच्या हाताची तक्रार मिटवायचा अधिकार त्यांनी मला कधी दिला होता?

मी तावातावाने म्हटले, "मग सर, केस करायचीच!"

ते शांतपणे म्हणाले, "मावशींना विचारलंत?"

पुन्हा मी गप्प. आधी त्यांना न विचारता मिटवले, आता त्यांना न विचारता लढायला निघाले होते. चांगुलपणाच्या भरात आपण किती सहज दुसऱ्याचे ठरवून टाकतो!

घरी येऊन मावशींशी नीट बसून बोलले. कायदा सांगितला. त्या म्हणाल्या, "वहिनी, मला कोर्टाची पायरी नको. औषधाचं आणि बुडलेल्या पगाराचं मिळालं तर बास. त्याच्यावर एक रुपाया नको." ठरले. तेवढेच मागायचे, आणि त्यांच्या नावाने मागायचे.

आता पुराव्याची पंचाईत आली. सदोष वस्तू आयोग तपासणीला प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण कुकर होता कुठे? पैसे घेताना मी तो देऊन बसले होते, आणि शेठनी तो पुण्याच्या व्यापाऱ्याकडे परत पाठवला होता. पैसे परत घेताना हीच खरी मेख असते. वस्तू जाते आणि वस्तूबरोबर पुरावाही जातो. माझे नशीब की मुलीने त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढले होते. माझ्या बहिणीला दाखवायला म्हणून काढले होते, पण ते कामाला आले. डुगडुगणारे झाकण, ओट्यावर उडालेली डाळ, खोका, मावशींचा हात. बिलाची प्रत होती. दवाखान्याचे कागद होते.

फोटो मोठे करून पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कुकरवर आयएसआयची खूण कुठेच नव्हती. खोक्यावर एक झगमगीत चिकटपट्टी होती, "उत्तम दर्जा" वगैरे लिहिलेली, आणि कारखान्याचा पत्ता म्हणून नुसते एका शहराचे नाव. आपल्याकडे घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय खूण सक्तीची आहे. तसा आदेश २०२० साली निघाला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तर लोकांना जाहीर इशारा दिला होता, की हेल्मेट, प्रेशर कुकर आणि स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर या खुणेशिवाय घेऊ नका. मी पाचशे रुपये वाचवण्याच्या आनंदात होते. आणि कारखानदाराचा ठावठिकाणाच लागत नसेल, तर विकणाऱ्यालाही जबाबदार धरता येते, असे सरांनी सांगितले.

सरांच्या मदतीने एक पानाचे पत्र लिहिले. शिवीगाळ नाही, धमकी नाही. कोणत्या तारखेला काय घेतले, काय झाले, झाकण वाकडे असल्याचे तुम्ही स्वतः पाहिले, कुकरची किंमत मिळाली आहे आणि ती पुन्हा मागत नाही, औषधपाण्याचे दोन हजार सहाशे चाळीस आणि अठरा दिवसांचा दोन घरांचा पगार दोन हजार शंभर, एकूण चार हजार सातशे चाळीस रुपये पंधरा दिवसांत द्यावेत. खाली मावशींची सही, आणि कुकर घेणारी म्हणून माझी. "किंमत पुन्हा मागत नाही" हे वाक्य सरांनी मुद्दाम घालायला लावले. एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मागायचे नसतात. आपली बाजू खरी असली की ती नेमकीही असावी लागते.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवले. तिसऱ्या दिवशी शेठचा फोन. आवाजात राग कमी, दुखावलेपण जास्त. "वहिनी, वीस वर्षांचं गिऱ्हाईक तुम्ही, आणि मला नोटीस?"

माझ्या घशात आवंढा आला. ओळखीच्या माणसाशी भांडणे परक्यापेक्षा कितीतरी अवघड असते. गावात रोज तोंड दाखवायचे असते. मी दुकानात जाऊनच बोलायचे ठरवले. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता, पूजेचे साहित्य आणायला बाजारात जायचेच होते.

"शेठ, वीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे म्हणूनच आधी पत्र पाठवलं," मी म्हटले.

"पण मी तर पैसे दिले की! एका शब्दानं नाही म्हटलं नाही. तुम्ही सहीसुद्धा केलीत."

"सही माझी आहे शेठ. हात मावशींचा आहे."

ते काही बोलले नाहीत. मग मी मनातले विचारून टाकले, "दिवाळीआधी दोन कुकर परत आले होते, असं तुम्हीच म्हणालात ना? मग तिसरा मला का विकलात?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. आणि घरी येताना मला जाणवले, की ते अर्धे माझ्याजवळच होते. माझ्याआधी दोघी जणी कुकर परत करून, पैसे घेऊन, वहीत सही करून गेल्या असतील. त्याही मला वाटले तसेच "जिंकलो" म्हणाल्या असतील. पैसे मिळाले, तक्रार संपली, आणि तोच माल फळीवर राहिला. मीही गप्प बसले असते तर चौथा कुकर आणखी कोणाच्या ओट्यावर चढला असता, आणि तिथे मावशींच्या जागी एखादे लहान मूल उभे असते तर? विचारानेच अंगावर काटा आला.

आठ दिवसांनी शेठनी बोलावले. मावशी आणि मी दोघी गेलो. त्यांनी चार हजार सातशे चाळीस रुपये मावशींच्या हातात दिले, माझ्या नाही. पुन्हा वही पुढे आली. या वेळी मी छापील मजकुराखाली सही करू दिली नाही. कोऱ्या कागदावर लिहिले, "आजवरच्या औषधोपचारापोटी आणि बुडालेल्या पगारापोटी एवढी रक्कम मिळाली. याच भाजण्यामुळे पुढे उपचार लागले तर तो खर्च यात धरलेला नाही." मावशींना मोठ्याने वाचून दाखवले, मग त्यांनी सही केली. शेठ म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता वकील झालात!" पण हसत म्हणाले. आणि त्या कुकरचा सगळा माल त्यांनी फळीवरून काढलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

सगळ्याच शेठना असे शहाणपण सुचेल असे नाही. तेव्हा ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवते.

वस्तू घेताना बिल घ्याच. कुकरवर आयएसआयची खूण बघा. तिच्या वर आयएस २३४७ हा आकडा असतो आणि खाली परवान्याचा क्रमांक. भारतीय मानक ब्युरोच्या "बीआयएस केअर" या मोबाइलच्या अ‍ॅपवर तो क्रमांक खरा की खोटा हे घरबसल्या कळते.

वस्तू सदोष निघाली आणि "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे दुकानदार म्हणाला, तर घाबरू नका. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला व पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे कायदाच म्हणतो.

पैसे परत घेताना घाई नको. कोणाला इजा झाली असेल, ओटा, वायरिंग, दुसरे काही जळले असेल, तर वस्तू हातची सोडण्यापूर्वी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, खोका आणि नंबर टिपून घ्या, दोष काय होता ते दुकानदाराकडून लिहून घ्या. इजा मोठी असेल तर वस्तू देऊच नका, आधी सल्ला घ्या. पावतीवर "फक्त वस्तूची किंमत मिळाली, इतर नुकसानीचा हक्क राखून" एवढे एक वाक्य स्वतःच्या हाताने लिहा. आणि दुसऱ्याच्या नुकसानीवर आपली सही कधी करू नका.

आपसात मिटले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी पडत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. "बघू, करू" म्हणत बसले तर ती भुर्रकन उडून जाते.

मावशींच्या हातावर अजून एक फिकट डाग आहे. बांगड्या सरकल्या की दिसतो. त्याचे पैसे कोणी दिले नाहीत, आणि मावशींनी मागितलेही नाहीत. पण पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या धनत्रयोदशीला, त्या माझ्या मुलीला घेऊन बाजारात गेल्या. आपल्या घरासाठी त्यांनी तीन लिटरचा कुकर घेतला, त्याच शेठकडून. झाकण काउंटरवर ठेवून ते डुगडुगत नाही ना ते पाहिले, खूण शोधली, आणि मुलीला म्हणाल्या, "ताई, तो नंबर तुमच्या मोबाइलात घालून बघा बरं."

नंबर खरा निघाला. मगच मावशींनी पैसे मोजले, आणि शेठनी न मागता बिल फाडून दिले.